मोठी गाडी, कोणाची सुरक्षितता?

सांगली-कोल्हापूर रस्त्यावरील हातकणंगले येथे अलीकडे व्यापारी घरांच्या दारांत उंच, वजनदार एसयूव्ही उभ्या दिसतात. कुटुंबाला घेऊन पुण्या-मुंबईचा प्रवास करायचा, तर गाडी भक्कमच हवी, हा त्यामागील विचार. हिशेबी माणसाने मात्र या खात्याच्या दोन्ही बाजू तपासाव्यात.

जमेच्या बाजूला तथ्य आहे. एक टनाची व दोन टनांची मोटार समोरासमोर धडकल्यास हलक्या मोटारीच्या वेगात होणारा बदल जड मोटारीच्या दुप्पट असतो. आतील माणसांना हिसकाही तसाच जोराचा बसतो. परंतु हा लाभ समोरचे वाहन हलके असेल तेव्हाच. गळीत हंगामात याच परिसरात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्री, कित्येकदा मागील दिव्यांविना, चालतात. त्यांच्यापुढे दोन टनांची गाडीही लहानच ठरते. शिवाय वेग दुप्पट झाला की टकरीतील ऊर्जा चौपट होते, हा नियम मोठ्या गाडीलाही चुकत नाही. उंच बांधणीमुळे अचानक वळवताना ती उलटण्याचा धोकाही अधिक.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. गाडी मोठी, महागडी आणि एअरबॅग असलेली होती. पुढील आसनांवरील दोघे बचावले. मागे बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी दगावले. त्या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागील आसनावरही सीटबेल्ट कायद्याने बंधनकारक आहे. घरोघरी मात्र ज्येष्ठ मंडळी व मुले मागेच बसतात आणि बेल्ट सीट कव्हरखाली दडपलेले असतात.

आता नावेची बाजू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील, तर १९.५ टक्के पादचारी होते. उंच बॉनेटची धडक पायांऐवजी छातीला वा डोक्याला बसते. एका घराने विकत घेतलेल्या सुरक्षिततेची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच घराच्या नावे पडू शकते.

गाडी घेताना आकारापेक्षा अपघात चाचणीतील गुणांकन पाहावे. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’द्वारे ते देशातच होते. त्याहून मोठी बचत प्रत्येकाच्या सीटबेल्टमध्ये आणि आवरलेल्या वेगात आहे.

हातकणंगले तालुक्यातच कुंभोजचे बाहुबली क्षेत्र आहे. विहार करणारे मुनी व आर्यिका याच रस्त्यांवरून अनवाणी चालतात. ईर्यासमिती पाळणारा साधू चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतो. मुंगीलाही इजा होऊ नये, हा त्यामागील भाव. दोन टनांचे वाहन हाकणाऱ्या श्रावकाची दृष्टी त्याहून अधिक दूरवर असायला हवी.