आडोसा आणि कुंपण

शेजारच्या बैठ्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, किंवा रस्ता रुंद करताना जुने कुंपण गेले, की घरची बाग एकाएकी चव्हाट्यावर येते. झाडे तीच, वाफे तेच. पण न्हाऊन परसात केस वाळवीत बसणारी गृहिणी आत निघून जाते, आणि दुपारी झोपाळ्यावर डुलकी घेणारे आजोबा पुन्हा बाहेर येत नाहीत. बागेतला वावरच संपतो. मग गेलेला आडपडदा परत मिळविण्याची घाई होते.

ही घाईच बहुधा घात करते. झपाट्याने वाढते म्हणून शेवरी लावली जाते. ती वर्षभरात डोक्यावर जाते खरी, पण तिचे आयुष्य थोडे आणि बुंधा उघडा. गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडी रोवल्या तर त्याच हंगामात पालवतात. मात्र कोरड्या प्रदेशात हिवाळा सरताना पानगळ होऊन, नेमके बाहेर बसावेसे वाटते त्या दिवसांत, पडदा फाटतो. शेराची फांदीही सहज जगते. पण त्याचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने मुलांच्या घरी तो नसलेलाच बरा.

आडोसा आज हवा असतो, कुंपण कायमचे. ही दोन्ही कामे एकाच झाडाकडून करून घेण्याचा हट्ट सोडावा. आडोशासाठी बांबूच्या तट्ट्या एका दिवसात उभ्या राहतात. त्यांतून थोडा वारा जाऊ द्यावा. अगदी घट्ट पडदा पहिल्याच वावटळीत आडवा होतो. पावसाळ्यात त्यांवर दोडका किंवा वाल चढविला म्हणजे भाजीची भाजी आणि पडद्याचा पडदा! तट्ट्या काही पावसाळ्यांत कुजतात. तेवढ्या अवधीत कुंपण तयार व्हावयास हवे.

त्यासाठी दख्खनच्या हवेत मेंदी आणि कोयनेल ही जुनी, खात्रीची झाडे. कोयनेलाच्या कडू पाल्याला शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत, हा गुण लहान नव्हे. तट्ट्यांपासून हातभर अंतरावर, जिकडे ऊन मिळेल त्या बाजूस, सुमारे ४५ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात शेणखत घालावे आणि ३० सेंटिमीटर अंतराने दोन ओळी नागमोडी लावाव्या.

यानंतरची गोष्ट मात्र जिवावर येते. रोप वीतभर फुटले की त्याचा शेंडा खुडावयाचा. उंचीसाठी आसुसलेल्या माणसाला हे उलटेच वाटते; परंतु शेंड्याची कळी खालच्या डोळ्यांना दाबून ठेवीत असते, ती गेली की ते फुटतात. पुढेही प्रत्येक वीतभर वाढीनंतर कात्री चालवावी आणि कुंपण तळाशी रुंद, माथ्याशी अरुंद ठेवावे, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. एकदा बुंधा उघडा पडला की वरच्या दाटीचा उपयोग नाही.

वरच्या मजल्यावरची नजर या कुंपणाने अडत नाही. समजा, बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १ मीटरवर आहेत आणि १५ मीटर दूर, १० मीटर उंचीवर शेजारची खिडकी आहे. ५ मीटरवरच्या हद्दीवर ती झाकावयास ४ मीटर उंच झाड लागेल. बैठकीपासून दीड मीटरवर २ मीटरांचा मांडव पुरतो. त्यावर जुई चढवावी.