‘विषम’ची वाटचाल

बडोद्यात वाढणाऱ्या मराठी मुलाची ‘एकी’ या शब्दापाशी हमखास गल्लत होते. घरी एकी म्हणजे ऐक्य. गुजराती गणितात एकी म्हणजे दोनाने निःशेष न भागली जाणारी संख्या. (वर्गात बोट वर करून मागितली जाते ती एकी निराळीच!) त्या संख्येला आपण ‘विषम’ म्हणतो, आणि या शब्दाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

‘विषम’चा विषाशी काही संबंध नाही. ‘वि’ आणि ‘सम’ यांचा हा जोड. आधीच्या इकारामुळे ‘स’चा ‘ष’ झाला, इतकेच. विषम म्हणजे प्रथम उंचसखल भूमी. तीवरून चालणे बिकट, म्हणून बिकट प्रसंगही विषम. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी तो याच अर्थाने येतो. दोन सारखे भाग पडत नाहीत ती संख्या विषम. म्हणून त्रिनेत्र शंकर ‘विषमाक्ष’ आणि पाच बाणांचा मदन ‘विषमबाण’! इंग्रजी ‘ऑड’चे कूळही तीनाशीच जुळते. जुन्या नॉर्स भाषेत त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ टोक, त्रिकोण. त्यावरून जोडीवाचून उरलेला तिसरा, मग विषम संख्या आणि शेवटी चमत्कारिक माणूस. आपण चमत्कारिक माणसाला विषम म्हणत नाही, हे बरेच आहे.

तापाच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला. आयुर्वेदातील विषमज्वर म्हणजे अनियमित ताप. एक दिवसाआड येणारा तृतीयक व दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक हे त्याचेच प्रकार, लक्षणे हिवतापाची. आजच्या मराठीत विषमज्वर म्हणजे टायफॉइड! आजोबांच्या वहीतील काढा करण्यापूर्वी हे ध्यानी असावे.

भूमी, संख्या, ज्वर. येथवर हा शब्द केवळ वर्णन करीत होता. माणसांतील अंतराला तो लागला तेव्हा त्यात वेदना आली. पंक्तीत वाढताना दुजाभाव झाला तर आपल्याला ‘वैषम्य’ वाटते. हे मनातले. त्याची जाहीर, सामाजिक बाजू ती ‘विषमता’.

तिचा दाहक अनुभव याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आला. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. येथे त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कमाटीबागेत ते हताश होऊन बसले व मुंबईस परतले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की, राजकारणात समता येईल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ती लवकर दूर केली नाही तर तिने पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील.