विक्रीपूर्व गृहमांडणी

विक्रीपूर्व गृहमांडणी : विक्रीस काढलेले घर संभाव्य ग्राहकास स्वच्छ, प्रशस्त व राहण्यायोग्य वाटावे, या हेतूने त्याची केलेली तात्पुरती आवराआवर व मांडणी. पाश्चात्त्य देशांत ती ‘होम स्टेजिंग’ या नावाने रूढ आहे. गृहशोभनाशी तिचे बाह्यतः साम्य असले, तरी दोहोंचे हेतू, कालावधी व खर्चाचे स्वरूप भिन्न असते.

गृहशोभन हे घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी असते. माणसांची संख्या, त्यांच्या सवयी, आवडीनिवडी व उपजीविका विचारात घेऊन स्वयंपाकाचा ओटा, भिंतीतील कपाटे, प्रकाशयोजना इ. टिकाऊ स्वरूपात केली जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एल्सी द वुल्फ यांनी या व्यवसायास प्रतिष्ठा मिळवून दिली. विक्रीपूर्व मांडणी मात्र अपरिचित ग्राहकासाठी असते. त्यामुळे तीत मालकाच्या वैयक्तिक खुणा कमी केल्या जातात. अडगळ हलविणे, खिडक्या मोकळ्या करणे, फिका रंग देणे, मोजकेच सामान ठेवणे ही तिची साधने होत. व्यवहार पुरा होताच ही मांडणी मोडली जाते. अमेरिकेत या कल्पनेच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः बार्ब श्वार्त्स यांना देतात. त्यांनी १९७२ च्या सुमारास सीॲटल परिसरात हे काम सुरू केले.

हा भेद बीड जिल्ह्यातील घरांच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. तेथील जुन्या घरांत दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया आणि त्यांवर मातीचे माळवद आढळते. असे घर विकताना ओसरीवरील अडगळ काढणे, कोनाडे रिकामे करणे, झरोके उघडणे, जमीन सारवणे व भिंतींस चुना देणे ही विक्रीपूर्व मांडणी होय. न्हाणीघर नव्याने बांधणे किंवा स्वयंपाकघराची रचना बदलणे हा गृहशोभनाचा भाग होय. माळवदावर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती पसरणे ही मात्र या दोहोंहून वेगळी, म्हणजे देखभालीची बाब आहे. वर्षानुवर्षे माती टाकल्याने छताचे वजन वाढते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशा जड छतांची व मातीत बांधलेल्या दगडी भिंतींची घरे कोसळून मोठी प्राणहानी झाली. चुन्याने उजळलेली भिंत आतून भक्कम असेलच असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने घर घेताना पाण्याची चौकशी महत्त्वाची ठरते. हौद घासून स्वच्छ करणे ही मांडणी झाली. परंतु कूपनलिका आटलेली असता टँकरच्या पाण्याने हौद भरून ती चालू असल्याचे भासविणे ही फसवणूक होय. छताच्या गळतीचा डाग रंगाखाली झाकणे हेही याच प्रकारचे.

कायद्यानेही ही मर्यादा आखून दिली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ अन्वये, विक्रेत्यास ठाऊक असलेला, पण ग्राहकास ठाऊक नसलेला व सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करणे आवश्यक असते. एरवी ते कपट ठरते. उभयतांत वेगळा करार असल्यास मात्र या तरतुदीस अपवाद होऊ शकतो. नव्या गृहप्रकल्पांतील सजविलेली नमुना सदनिका हा विक्रीपूर्व मांडणीचाच व्यापारी प्रकार होय. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ प्रमाणे, जाहिरातीतील वा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास प्रवर्तकास भरपाई द्यावी लागते.

ग्राहकाच्या दृष्टीने सामान हलविल्यानंतर जे शिल्लक राहते, तेच त्याने विकत घेतलेले असते. म्हणून सजावटीपेक्षा भिंती, छत, पाणी व मालकीहक्काची कागदपत्रे यांची तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. विक्रेत्याच्या दृष्टीनेही घराचे गुण स्पष्ट दाखविणारी, पण दोष न लपविणारी मांडणीच इष्ट होय.