मिरचीला खत कोणतं? आधी तीन आकडे वाचा

आज बोलूया आमच्या मीरा रोडच्या ग्रिलमधल्या मिरचीबद्दल. आईने गावाहून लवंगी मिरचीचं बी दिलं होतं, घरातली शेवटची पुडी. मी हौसेने दर आठवड्याला चिमूटभर युरिया टाकत गेलो. झाड कंबरेएवढं, पानं हिरवीगार, पण फूल एकही नाही! आई फोनवर म्हणाली, "अरे, पाला खायचाय का तुला?"

खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश, याच क्रमाने. युरिया म्हणजे ४६:०:०, नुसतं नत्र. त्याने पाला वाढतो, जास्त झालं की फुलं लांबतात. म्हणून रोप वाढताना १९:१९:१९ आणि कळ्या दिसल्या की ०:५२:३४; दोन्ही लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅमच, पंधरा दिवसांतून एकदा. कुंडीत माती थोडी असते, खत जास्त झालं की मुळं करपतात. आणि आपल्याकडच्या धो-धो पावसात विरघळणारं खत वाहूनच जातं. तेव्हा मूठभर गांडूळखत बरं, ते हळूहळू लागू पडतं.

युरिया बंद केला, महिन्याभराने फुलं आली. पहिल्या मिरच्यांचा फोटो आईला पाठवला. ती म्हणाली, "सगळ्या तोडू नकोस. एक झाडावरच लाल होऊ दे, बी धरायला."