बिघडले की बिघडवले?

मराठी व्याकरणात ‘बिघडणे’ आणि ‘बिघडवणे’ ही दोन क्रियापदे एकमेकांच्या शेजारी नांदतात. दोहोंत अंतर काय ते एका ‘व’चे! परंतु संसारात या एका अक्षराला फार मोल आहे. दूध नासले तर ते उन्हाने नासले असे आपण म्हणतो. पंखा बिघडला की वायरमनला बोलावतो, मिक्सर बिघडला की पिशवीत घालून दुकानात नेतो. त्यापायी घरात कोणाची उलटतपासणी होत नाही. घरातला संगणक बंद पडला की मात्र सगळीकडून एकच प्रश्न येतो, “कोणी हात लावला होता?”

मग आरोपीचा शोध सुरू होतो. आरोपी बहुधा ठरलेला असतो. घरातली सर्वांत वडील व्यक्ती, नाही तर गृहिणी. बिचारी आधीच कावरीबावरी होऊन म्हणते, “मी काही दाबलं नाही हो!” या खटल्यात साक्षीपुरावा नसतो, वकील नसतो आणि निकाल आधीच लागलेला असतो. तो न्याय्य असतो का, एवढेच आज तपासून पाहायचे आहे.

कारभारी आणि त्याचे दुभाषे

संगणकाच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो. इंग्रजीत त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, आपण कार्यप्रणाली म्हणू. जुन्या वाड्यातल्या कारभाऱ्यासारखेच त्याचे काम. ‘हे पत्र छापा’ असे मालकाने म्हणायचा अवकाश, त्याने कोठीतून कागद काढायचा, चौरंगावर मांडायचा आणि छपाईच्या यंत्राला निरोप धाडायचा. कोठी म्हणजे डिस्क, चौरंग म्हणजे मेमरी. पण गंमत अशी, की पडदा, प्रिंटर, कॅमेरा या साऱ्या नोकरांच्या बोली निरनिराळ्या. म्हणून प्रत्येकासाठी एक दुभाषा ठेवावा लागतो. त्याला ‘ड्रायव्हर’ असे नाव आहे.

हा दुभाषा पुष्कळदा कारभाऱ्याच्या घरचा नसतो. ज्या कंपनीचे यंत्र, तिनेच तो पाठवलेला असतो. तरीही अशा अनेक दुभाष्यांना कारभाऱ्याच्या आतल्या खोलीत, अगदी तिजोरीला लागून जागा द्यावी लागते. तेथे एकाने भलत्याच खणात हात घातला, की कारभारी सारे काम जागच्या जागी थांबवतो. पुढे रेटले तर मालकाच्या कागदपत्रांची नासाडी होईल, अशी त्याला धास्ती असते. विंडोजचा तो प्रसिद्ध निळा पडदा म्हणजे हेच थांबणे. अलीकडे, २०२५ मध्ये, त्याचा रंग निळ्याचा काळा झाला. थांबण्याचे कारण मात्र तेच राहिले.

१९९५, १९९८ आणि २००० साली घरगुती वापरासाठी आलेल्या विंडोजच्या आवृत्त्या डॉस या जुन्या पायावर उभ्या होत्या. त्यांत एका प्रोग्रामची खोली आणि दुसऱ्याची खोली यांमधल्या भिंती पातळ. एकाने पाय पसरले की दुसऱ्याला लागत. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली, तेव्हा कचेऱ्यांसाठी बांधलेला भक्कम पाया घरगुती संगणकाला मिळाला. पण आतल्या खोलीतली दुभाष्यांची गर्दी काही संपली नाही.

यंत्राची जीभ

बिघाड होणे समजण्यासारखे आहे. मनाला खरे लागते ते यंत्राचे बोलणे. विंडोज ९५ च्या काळी एखादा प्रोग्राम कोसळला, की पडद्यावर इंग्रजीत ठणकावून सांगितले जाई, की या प्रोग्रामने बेकायदेशीर कृत्य केले असून त्याला बंद करण्यात येत आहे. त्या ‘इल्लीगल’चा अर्थ इतकाच, की प्रोसेसरला मान्य नाही अशी काही गोष्ट त्या प्रोग्रामने केली. परंतु नाकासमोर चालणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाने तो शब्द वाचला, की त्याच्या डोळ्यांपुढे पोलीस चौकीच उभी राही.

दुसरा मासला याहून कडू होता. वीज गेली आणि संगणक मध्येच बंद पडला, की पुन्हा सुरू होताना तो आधी डिस्कची तपासणी करी आणि वर उपदेश करी, की हा संदेश पुन्हा दिसू नये असे वाटत असेल, तर संगणक नेहमी योग्य रीतीने बंद करत जा. आता भारनियमनाच्या दिवसांत वीज कोण घालवी? पण बोलणी बसत ती घरधन्याला! चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

आज ही भाषा थोडी मवाळ झाली आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून पडद्यावर एक रडवेला चेहरा येऊ लागला. पण खाली आकडे आणि अक्षरे यांची जी खिचडी असे, तिचा अर्थ घरातल्या कोणालाच लागत नसे. वैद्याने रोगाचे नाव संस्कृतात सांगून निघून जावे, तशातला हा प्रकार.

दोष कोणाच्या घरचा?

आता थोडा इतिहास पाहू. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर येऊ घातलेल्या विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालले होते. त्यांच्या साहाय्यकाने संगणकाला स्कॅनर जोडला मात्र, भरसभेत निळा पडदा उमटला! सभेत हशा आणि टाळ्यांचा गजर झाला. म्हणूनच तर आम्ही ही अजून बाजारात आणलेली नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. त्यांना कोणी विचारले नाही, की तुम्ही काय दाबलेत?

दुसरी गोष्ट आणखी मासलेवाईक आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक घड्याळ होते. संगणक सुरू झाल्यापासून किती सहस्रांश सेकंद लोटले, ते हे घड्याळ मोजी. त्याची मजल ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत. ही मजल भरते ती ४९.७ दिवसांनी. तेवढे दिवस संगणक अखंड चालू राहिला, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येई आणि यंत्र गोठून जाई. हा दोष ध्यानात यायला काही वर्षे लागली. कारण उघड आहे. ती यंत्रे इतके दिवस न कोसळता चालणेच दुर्मिळ!

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची एक मोठी सुधारणा आली, तेव्हा काही लोकांच्या संग्रहातल्या फायलीच पुसल्या गेल्या. अशांची संख्या थोडी होती, पण ज्याचे गेले त्याचे सर्वच गेले. कंपनीला ती सुधारणा काही दिवसांतच थांबवावी लागली. मार्च २०२१ च्या मासिक दुरुस्तीनंतर काही प्रिंटरांवर छापायला जाताच निळा पडदा येऊ लागला. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फायलीमुळे जगातले सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी आडवे झाले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

यात मायक्रोसॉफ्टचे नाव वारंवार आले, कारण घरोघरी तिचाच कारभारी अधिक. बाकीचे काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशवर मोठी चूक झाली, की पडद्यावर चक्क बॉम्बचे चित्र उमटे! लिनक्समध्ये अशा प्रसंगाला नावच मुळी ‘पॅनिक’, म्हणजे घबराट, असे आहे. हे सारे शहाण्यासुरत्या अभियंत्यांच्या हातून घडले. मग घरातल्या आजोबांनाच काय म्हणून पिंजऱ्यात उभे करायचे?

झाकून ठेवलेला संगणक

आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका राहतात. बँकेत हयात गेली, हिशेबात कधी पैचा फरक नाही. सत्तरी उलटल्यावर टंकलेखन शिकून त्यांनी आपल्या गावच्या नाटकमंडळीची हकिगत लिहायला घेतली होती. ऐंशी पाने झाली होती. एके रात्री त्यांच्या संगणकाने आपल्या मनाने स्वतःत काही सुधारणा करून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तो दहा-पंधरा मिनिटांत मान टाकू लागला. कधी चाले, कधी न चाले. दुरुस्तीवाला आला तेव्हा तर तासभर छान चालला, दवाखान्याच्या पायरीवर दाढदुखी थांबावी तसा! तो गेल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

परदेशातल्या मुलाने फोनवर विचारले, “बाबा, तुम्ही काय केलंत?” दुरुस्तीवाल्याने निदान केले, “फॉरमॅट मारावा लागेल.” काकांनी संगणकावर टेबलक्लॉथ घातला आणि तो विषय बंद केला. पुढे काकू एकदा हळूच म्हणाल्या, “आता ते मोबाइलवर लाइटबिलसुद्धा भरत नाहीत. म्हणतात, माझा हात लागला की बिघडतं.”

यंत्राचा बिघाड पाच-पन्नास मिनिटांत निघतो. माणसाच्या मनात बसलेला हा बिघाड कसा काढायचा?

शेवटी खालच्या मजल्यावरची एक कॉलेजकन्यका आली. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, “आजोबा, आदल्या दिवशी चालत होतं ना? मग मधे काय बदललं?” तिने आधी ती ऐंशी पाने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. मग संगणकाला जोडलेल्या सर्व वस्तू काढल्या आणि तो तासभर चालवून पाहिला. चालला. एकेक वस्तू परत जोडत गेली. कॅमेरा जोडला आणि थोड्याच वेळात पडदा गेला. मुलाने भेट पाठवलेल्या त्या कॅमेऱ्याचा जुना दुभाषा नव्या कारभाऱ्याशी जमवून घेत नव्हता. जुना काढून नवा बसवला, की झाले!

“म्हणजे मी काही केलं नव्हतं?” काकांनी दोनदा विचारले.

“नाही हो आजोबा.”

नाटकमंडळीची हकिगत आता एकशेवीस पानांवर गेली आहे.

तपास कसा करावा

त्या मुलीने जादू केली नाही, तिने रीत पाळली. ती रीत कोणत्याही गृहिणीला साधेल. पडद्यावर आलेला संदेश, अर्थ कळो न कळो, जसाच्या तसा उतरवून घ्यावा किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. तारीख, वेळ आणि त्या क्षणी काय चालू होते, हे एका वहीत लिहावे. अधूनमधून होणारा बिघाड वहीत सापडतो, आठवणीत सापडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार औषधे एकदम घेतली, तर गुण कशाने आला हे कळणार कसे? विंडोजमध्ये ‘सेफ मोड’ नावाची सोय आहे. तीत कारभारी अगदी जरुरीपुरते नोकर घेऊन काम सुरू करतो. तेथे यंत्र धड चालले, तर संशय उरलेल्या नोकरांवर आणि त्यांच्या दुभाष्यांवर धरावा.

कारभाऱ्याला बोल लावण्याआधी घरही पाहावे. पावसाळी ओल, धूळ, उष्णता आणि कमीजास्त होणारा विजेचा दाब यांनीही हुबेहूब तसेच बिघाड होतात. मेमरीची पट्टी सैल झाली असेल, तर जाणकाराने ती काढून, तिची टोके साध्या खोडरबराने पुसून परत बसवावी. पुष्कळ संगणक एवढ्यानेच उठून बसले आहेत. आणि कोणी ‘फॉरमॅट मारू’ म्हणाला, तर आधी एकच विचारावे, “आमचे कागद काढून घेतलेत का?” फॉरमॅट म्हणजे त्या कोठीची झाडून साफसफाई. तीत केराबरोबर फोटो, पत्रे आणि हिशेबही जातात.

हे सारे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. अपराधी वाटणारा माणूस लवकर फसतो. इंटरनेटवर काही पाहत असताना एकाएकी भोंगा वाजतो, ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ अशी पाटी येते. पलीकडे गोड बोलणारा भामटा बसलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत फोन नंबर कधीही नसतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. फोन करू नये. कोणाच्या सांगण्यावरून काही उतरवून घेऊ नये. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवावे. ज्याला ‘आता घरचे रागावतील’ अशी भीती असते, तो हे लपवतो, आणि लपवण्यात गेलेला वेळच भामट्याच्या कामी येतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडचे व्यापारी वहीची पूजा करतात, कारण वही गेली तर व्यवहार गेला. यंदा त्याच दिवशी घरातल्या फोटोंची आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवून द्यावी. संगणकाला सदैव जोडून ठेवलेली प्रत ही खरी प्रत नव्हे. आणि वर्षभरात कधी पडदा काळानिळा झालाच, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘काय केलंत?’ असे न विचारता ‘काय झालं?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस गप्प होतो. दुसऱ्याने तो आठवून सांगू लागतो, आणि बिघाड बहुधा त्या सांगण्यातच सापडतो.