कोळशाची फुगवण

दगडी कोळसा म्हणजे केवळ जड, निर्विकार दगड, ही सर्वसाधारण समजूत पिरिडिन नावाच्या उग्रगंधी द्रवात त्याची पूड भिजत ठेवली असता टिकत नाही. कारण कित्येक बिट्युमिनी कोळसे तो द्रव शोषून आकारमानाने जवळजवळ दुप्पट होतात, आणि तरीही त्यांचा मोठा अंश विरघळत नाही. कोळशाचे प्रचंड रेणू जाळ्याप्रमाणे परस्परांत गुंतलेले असून, त्यांतील हायड्रोजन-बंधांसारखे दुर्बळ बंध द्रावक तोडतो, परंतु बळकट बंध शाबूत राहिल्यामुळे जाळे केवळ ताणले जाते. अखंड तुकडा मात्र सर्व दिशांना सारखा फुगत नाही. थरांना लंब असलेल्या दिशेने अधिक फुगतो, आणि कोट्यवधी वर्षे सोसलेल्या भाराचा हा पुरावा मला विलक्षण वाटतो.

वायूंचेही तसेच. अमेरिकेतील सान ह्वान खोऱ्यात, मिथेन अधिक मिळावा या हेतूने, १९९५ पासून कोळशाच्या खोल थरांत कार्बन डायऑक्साइड सोडण्यात आला, तेव्हा तो शोषून कोळसा फुगला, भेगा आवळल्या आणि वायू आत शिरणे मंदावले. कार्बन डायऑक्साइड भूगर्भात साठवण्याचे मनसुबे रचणाऱ्यांनी ही हकिकत दफ्तरात बांधून ठेवण्याजोगी नाही. कारण मिथेन निघून जाताना कोळसा आकसून भेगा जितक्या रुंदावतात, त्याहून अधिक त्या या नव्या पाहुण्यामुळे मिटू शकतात.