तुम्ही हाताळलंत काय?

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात एक किरणोपचार केंद्र दुसरीकडे हललं, पण सीझियम-१३७ असलेलं त्याचं एक यंत्र जुन्या, ओसाड जागेतच राहून गेलं. १३ सप्टेंबर १९८७ रोजी दोघांनी भंगारात विकायला म्हणून त्याचा जड भाग उचलून नेला. तो फोडल्यावर आतली भुकटी अंधारात निळसर चमकायला लागली. भंगारवाल्याला तिचं इतकं अप्रूप वाटलं, की त्याने ती नातेवाइकांना, शेजाऱ्यांना चिमूट चिमूट वाटली. सहा वर्षांची एक मुलगी भुकटी लागलेल्या हातांनीच जेवली.

मग उलट्या, जुलाब, कातडीवर फोड. दवाखान्यांत कुणाला खाण्यातून बाधा झाल्याचं सांगितलं, कुणाला ॲलर्जीचं, तर काहींना उष्ण कटिबंधातल्या रोगांच्या रुग्णालयात पाठवलं. घरातली माणसं एकामागोमाग एक आजारी पडताहेत, याचा त्या चमकणाऱ्या वस्तूशी संबंध आहे, हे आधी ओळखलं ते भंगारवाल्याच्या बायकोने. २८ तारखेला तिने ती पिशवीत घातली, बसने आरोग्य कार्यालय गाठलं आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून अंगणातल्या एका खुर्चीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने किरणोत्सर्ग मोजणारा मापक आणला, तेव्हा खरं काय ते कळलं. यात १६ दिवस गेले होते. शहरातल्या स्टेडियममध्ये १,१२,००० हून अधिक लोकांची तपासणी झाली. २४९ जण दूषित आढळले, चौघे दगावले. ती बाई आणि ती मुलगी त्या चौघांत होत्या.

अणुदुर्घटनेची वैद्यकीय तयारी म्हटलं, की आपल्यासमोर शिसं बसवलेल्या खोल्या आणि पांढऱ्या पोशाखातली पथकं येतात. तीही हवीतच. पण असा रुग्ण पहिल्यांदा जातो तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, आणि माझ्या मते तयारीची खरी कसोटी तिथे लागते. दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये हेच घडलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षं न वापरलेलं गॅमा किरणांचं यंत्र लिलावात निघालं आणि त्यातलं कोबाल्ट-६० भंगार बाजारात पोचलं. ते यंत्र कापणाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एकाने तर तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला होता. कातडी काळी पडली, केस गळले, रुग्णालयात धाव घ्यावी लागली. एका कामगाराचा जीव गेला.

रोग ओळखायला लागणारी पहिली साधनं महाग नाहीत. उलटी किती वेळात झाली, हे आधी विचारायचं. जितकी लवकर, तितकी किरणांची मात्रा मोठी. मग सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि काही तासांनी पुन्हा सीबीसी. पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट किती वेगाने घसरतात, त्यावरून अस्थिमज्जेला किती मार बसला याचा अंदाज येतो. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. गुणसूत्रांमधले बिघाड मोजून मात्रा ठरवायची ती खास प्रयोगशाळेत, आणि त्याला दिवस लागतात.

चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर मॉस्कोच्या ६ नंबरच्या रुग्णालयात अँजेलिना गुस्कोव्हा यांनी रुग्णांची वर्गवारी याच खुणांवरून केली. त्यांच्या गाठीशी मायाक या सोव्हिएत अणुकारखान्यातल्या कामगारांवर केलेल्या उपचारांचा अनुभव होता, आणि तो अनेक वर्षं गुप्ततेच्या कुलपात राहिला. चेर्नोबिलच्या १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग आजार झाल्याचं निश्चित झालं, त्यातले २८ जण काही महिन्यांतच गेले. १३ जणांचं मज्जारोपण केलं, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मज्जेबरोबर कातडीही जळालेली असली, तर नुसती नवी मज्जा देऊन माणूस वाचत नाही.

आज पांढऱ्या पेशी वाढवणारं फिल्ग्रास्टिम या आजारासाठी मान्य झालेलं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये तशी मान्यता दिली. कॅन्सरच्या वॉर्डात ते रोजचंच औषध. पेशी शून्यावर आलेला रुग्ण कसा जपायचा, प्लेटलेट कधी चढवायच्या, ताप आला तर प्रतिजैविक किती तातडीने सुरू करायचं, हे तिथल्या सिस्टर झोपेतही सांगतील. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली मज्जारोपण झालं, तेव्हापासून ही विद्या आपल्याकडे रुजत आली आहे. ती अणु-आपत्तीच्या आराखड्याशी पक्की जोडली पाहिजे.

गोयानियात ४६ जणांना प्रशियन ब्लू दिलं. हा मुळात चित्रकाराचा निळा रंग. आतड्यात तो सीझियम धरून ठेवतो, शौचावाटे बाहेर काढतो, आणि शौचाला निळा रंग येतो. शरीरातलं सीझियम निम्म्यावर यायला एरवी साधारण ११० दिवस लागतात, या औषधाने ते महिन्याभरात होतं.

आयोडीनच्या गोळीचं गणित वेगळं. ती फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून थायरॉइड वाचवते, तीही वेळेवर घेतली तरच. १९८६ मध्ये पोलंडने चेर्नोबिलनंतर काही दिवसांत सुमारे एक कोटी मुलांना आयोडीन पाजलं. जपानच्या फुकुशिमात अणुदुर्घटना झाली तेव्हा गोळ्या साठ्यात होत्या, पण वाटपाचा आदेशच येईना. मिहारू या छोट्या गावाने १५ मार्च २०११ रोजी स्वतःच्या जबाबदारीवर त्या वाटल्या, तर प्रांताच्या प्रशासनाने त्या परत मागितल्या! साठा किती, यापेक्षा वाटायचा निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न मला जास्त सतावतो. त्याच फुकुशिमात घाईघाईने हलवलेले पन्नासहून अधिक अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि वृद्ध दगावले. त्यांना किरणोत्सर्गाने मारलं नव्हतं. तासन्‌तासांचा प्रवास, थंडी, सलाइन नाही, देखभाल नाही, यांनी मारलं.

आपल्याकडे तारापूरची पहिली अणुभट्टी १९६९ मध्ये सुरू झाली. भारतीय निकषांप्रमाणे अशा केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरसाठी आपत्कालीन आराखडा असावा लागतो. कोळीवाडे, वाड्या-पाडे, ग्रामीण रुग्णालयं त्यात येतात. तालमी होतात, भोंगे वाजतात. पण कॅज्युअल्टीतल्या मावशींना आणि वॉर्डबॉयला कुणी समोर बसवून समजावलं आहे का? नुसते किरण अंगावर घेतलेला माणूस एक्स-रे काढून आलेल्या माणसाइतकाच निर्धोक असतो. अंगावर धूळ असलेल्याचे कपडे कापून पिशवीत बांधले, तर बहुतेक धूळ तिथेच जाते, बाकीची साबण-पाण्याने. आणि रक्त वाहत असेल, श्वास अडकला असेल, तर आधी ते सांभाळायचं, मापक नंतर. हे माहीत नसेल तर स्ट्रेचर दारातच थांबेल.

आणि आत घेतल्यावर केस पेपर लिहिणाऱ्याने नाव-वयाखाली आणखी एक ओळ लिहून घ्यावी: काम काय करता, आणि गेल्या महिन्याभरात अनोळखी, जड, चमकणारं काही हाताळलंत का?